तळघरातली अडीच लाख पुस्तकं: फ्लॉरेन्सच्या व्ह्यूसो वाचनालयाचं प्रकरण

पुरात ग्रंथालय बुडालं की बोलणं हस्तलिखितांपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुराचंही तसंच झालं. राष्ट्रीय ग्रंथालयातले भिजलेले जुने ग्रंथ गाजले, सान्ता क्रोचे चर्चमधला चित्रकार चिमाब्वेचा क्रूस गाजला. त्याच शहरात, त्याच गाळाखाली वर्गणीवर चालणाऱ्या एका वाचनालयाची अडीच लाख पुस्तकं गेली, ती मात्र आकडेवारीच्या एका ओळीत मावतात. हे प्रकरण त्या वाचनालयाचं आहे. आपल्याकडच्या नगर वाचनालयांना हेच प्रकरण जास्त लागू पडतं, कारण ही पुस्तकं काचेच्या कपाटात ठेवायला घेतलेली नव्हती, लोकांनी घरी नेऊन वाचायला घेतलेली होती.

वर्गणीदारांचं घर

जोव्हान प्येत्रो व्ह्यूसो हा जिनिव्हाच्या प्रॉटेस्टंट घराण्यातला व्यापारी, जन्म १७७९, इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावरच्या ओनेल्या गावी. व्यापारासाठी युरोपभर फिरून चाळिशीत तो फ्लॉरेन्सला स्थिरावला. १८१९ साली त्याने संस्था काढली आणि जानेवारी १८२० मध्ये सान्ता त्रिनिता चौकातल्या पालात्सो बुओन्देल्मोन्ती या वाड्यात वाचनगृह उघडलं. सोयी दोन: युरोपातली ताजी नियतकालिकं बसून वाचणं आणि पुस्तकं घरी नेणं. सभासदाने वर्गणी भरायची आणि वहीत सही करायची. त्या सभासद-वह्या आजही आहेत आणि त्यांत स्तांधाल, शोपेनहाउअर, दोस्तोयेव्स्की, मार्क ट्वेन अशी नावं सापडतात. लेओपार्दी आणि मान्झोनी या इटालियन साहित्यिकांची भेट ३ सप्टेंबर १८२७ ला झाली तीही इथेच. व्ह्यूसोने १८२१ पासून चालवलेलं ‘अन्तोलोजिया’ हे मासिक १८३३ मध्ये सरकारने बंद पाडलं, वाचनालय मात्र चालू राहिलं. (रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. म्हणजे दोन्ही संस्था जवळजवळ एकाच वयाच्या.)

संस्थापक १८६३ मध्ये वारला. पुढे वाचनालय घराण्याकडून नगरपालिकेकडे आलं, जागा तीन-चार वेळा बदलली आणि १९४० मध्ये ते पालात्सो स्त्रोत्सीत आलं. त्याआधी १९२९ ते १९३८ कवी एउजेन्यो मोन्ताले तिथला संचालक होता. फॅसिस्ट पक्षाचं सभासदत्व नाही म्हणून त्याला काढलं. पुराच्या वेळी संचालक होता लेखक आलेस्सांद्रो बोन्सान्ती.

संग्रहाचं स्वरूप इथे महत्त्वाचं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, इटलीच्या एकीकरणाच्या काळातली इतिहासाची पुस्तकं, आणि बांधलेल्या नियतकालिकांचे संचच्या संच. इटालियनइतकंच फ्रेंच आणि इंग्रजी. एकेक पुस्तक सुटं काढलं तर बरीचशी दुसरीकडे मिळतील अशी. पण एका शहरातले लोक दीडशे वर्षं काय वाचत होते, हे फळ्यांवर सलग लावलेलं दुसरीकडे मिळणार नाही.

तळघर का?

या प्रश्नाला उत्तर साधं आहे आणि ते फ्लॉरेन्सपुरतं नाही. कोरड्या पुस्तकांनी भरलेली एक मीटर फळी साधारण ३० किलोची. सहा फळ्यांचं दुहेरी रॅक धरलं तर दर मीटरला ३६० किलो, लोखंड वेगळं. असली शेकडो रॅकं पंधराव्या शतकातल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोण चढवणार? वरची दालनं वाचकांना, प्रदर्शनांना, सभांना लागतात. साठा खाली जातो. वास्तुविशारद खूश, कारण भार थेट जमिनीवर. ग्रंथपालही खूश, कारण खाली ऊन नाही आणि उन्हाळ्यात गारवा.

आता नदीकडे बघू. आर्नोचा मोठा पूर १३३३ मध्ये आला, तारीख ४ नोव्हेंबर. १५५७ च्या सप्टेंबरात पुन्हा. ३ नोव्हेंबर १८४४ ला पुन्हा, तेव्हा स्वतः व्ह्यूसो शहरात होता. व्हिया देई नेरी आणि व्हिया सान रेमिज्यो जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर १३३३ च्या पाण्याची खूण दगडात कोरलेली आहे, लाटांवर बोट दाखवणारा हात. अशा खुणा शहरभर आहेत. नोव्हेंबर हा आर्नोच्या पुराचा महिना आहे हे १९६६ मध्ये कुणाला नव्याने कळलं असं म्हणता येणार नाही. पालात्सो स्त्रोत्सी नदीपासून चालत पाच मिनिटांवर. धोका माहीत होता, पण तो ‘नदीचा धोका’ म्हणून माहीत होता, ‘साठ्याचा धोका’ म्हणून नव्हे. हे दोन कागद वेगवेगळ्या खात्यांत राहतात, आपल्याकडेही.

४ नोव्हेंबर १९६६

दोन दिवस सलग पाऊस. वरच्या खोऱ्यातल्या ला पेन्ना आणि लेवाने धरणांतून पाणी सोडलं गेलं, त्याच्या वेळेवरून नंतर बरेच वाद झाले. पहाटे नदी काठाबाहेर आली. सकाळी ७ वाजून २६ मिनिटांनी वीज गेली आणि शहरातली विजेवरची घड्याळं त्या आकड्यावर थांबली. पावणेदहाला पाणी कॅथेड्रलच्या चौकात होतं. सान्ता क्रोचे भागात ते सहा मीटरच्या वर चढलं. रात्री आठच्या सुमारास उतरायला लागलं. त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी होती, इमारती बंद होत्या. सुट्टीमुळे माणसं वाचली असं म्हणतात ते खरं असावं. पण खालची फळी वर सरकवायला कुणी हाताशी नव्हतं, हेही तितकंच खरं.

पाण्यात नुसता गाळ नव्हता. थंडीसाठी इमारतींच्या टाक्या जळणाच्या तेलाने नुकत्याच भरलेल्या होत्या. टाक्या उखडल्या, तेल वर तरंगलं आणि पाणी उतरताना ज्या-ज्या पातळीवर रेंगाळलं तिथे काळी रेघ ओढत गेलं. गाळ धुता येतो. तेलाची रेघ पाण्याने जात नाही, त्याला द्रावक लागतं, आणि द्रावक वापरायचं ते प्रयोगशाळेत, पानागणिक.

स्त्रोत्सीच्या तळघरात व्ह्यूसोचे सगळे अडीच लाख खंड पाण्याखाली गेले. फुगून वेडेवाकडे झाले, कित्येकांची पानं शिवणीतून सुटली. पाणी ओसरल्यावर सुटी पानं भिंतींना आणि छताला चिकटलेली सापडली.

फळीवर काय घडतं

छताला पान कसं लागतं हे समजायला एक पुस्तक जवळून बघावं लागतं. १८४० च्या आधीचा कागद चिंध्यांचा, तो स्वतःच्या वजनाच्या सरासरी ८० टक्क्यांपर्यंत पाणी पितो. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद ६० टक्क्यांपर्यंत. ६०० ग्रॅमचं जुनं पुस्तक १ किलो ८० ग्रॅमचं होतं. व्ह्यूसोचा हिशेब ढोबळ करायचा तर सरासरी अर्धा किलो धरून अडीच लाखांचे १२५ टन, आणि त्यांनी प्यायलेलं पाणी कमीत कमी ७५ टन. कोरड्या हिशेबाने माणसं आणि गाड्या मागवल्या की पहिल्याच दिवशी कमी पडतात.

पुस्तक सगळीकडे सारखं फुगत नाही. पाठीकडे शिवण आणि सरस असतो, तिकडे जागा नाही. समोरची कड मोकळी. म्हणून पुस्तकाचा पंखा होतो, पाठ आत ओढली जाते, फर्मे (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे) पुढे सरकतात आणि दोरा कागद कापत जातो. फळी आधीच घट्ट भरलेली असेल तर हा दाब रॅकच्या उभ्या पट्ट्यांवर येतो, पट्ट्या वाकतात, फळी सुटते आणि पुस्तकं पाण्यात पडतात. पाण्यात पडलेल्या पुस्तकाचा सरस विरघळला की ते पुस्तक राहत नाही, तरंगणाऱ्या पानांचा ढीग होतो. तो पाण्याबरोबर वर जातो.

यातून निघणारा नियम इतका किरकोळ आहे की कुणी पाळत नाही: फळीवर पुस्तक एका बोटाने मागे ढकलता आलं पाहिजे. प्रत्येक फळीवर दोन-तीन पुस्तकांची जागा रिकामी. जागेची टंचाई असलेल्या वाचनालयात हे ऐकून हसतील, ते ठाऊक आहे.

फुगलेल्या फळीवरून पहिलं पुस्तक काढणं हे सगळ्यांत नाजूक काम. रोजच्या सवयीने पाठीच्या वरच्या टोकात बोट घालून ओढलं की पाठीचं कापड हातात येतं. शेजारची दोन पुस्तकं मागे दाबून मधलं दोन्ही पुठ्ठ्यांवर पकडून काढायचं. तेही हलत नसेल तर रॅकची बाजूची पट्टी सोडवून फळीचं एक टोक मोकळं करायचं आणि तिथून सुरुवात करायची. वरून खाली काढत यायचं. खालची फळी आधी रिकामी केली तर ओल्या वजनाने रॅक अंगावर येतं.

साखळी आणि तिने केलेला घोटाळा

‘चिखलातले देवदूत’ हे नाव पुढे ज्यांना मिळालं ती तरुण मंडळी देशोदेशींहून आली आणि शहराची ग्रंथालयं त्यांनी हातोहात उपसली. त्यांच्याशिवाय काहीच वाचलं नसतं. तरीही मानवी साखळीची एक किंमत असते, आणि ती देवघेवीच्या वाचनालयाला जास्त पडते. साखळीच्या दुसऱ्या टोकाला ढीग होतो. ढिगाला फळीचा क्रम नसतो. ज्या पुस्तकाची पाठ सुटली त्याचा क्रमांकही सुटला.

सुट्या पानांवरून पुस्तक ओळखायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकात प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक अक्षर किंवा आकडा छापलेला असतो, बांधणाऱ्याच्या सोयीसाठी. अनेक खंडांचं पुस्तक असेल तर बऱ्याचदा त्याच ओळीत खंडाचा क्रमांकही असतो. वरच्या कडेला प्रकरणाचं किंवा ग्रंथाचं नाव. फर्मा आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा असला तर चिन्ह दर सोळा पृष्ठांनी येतं, आणि मधलं काय हरवलं ते ताडता येतं. रीत उत्तम आहे, पण एका पुस्तकाला एक माणूस निदान अर्धा दिवस धरून बसतो. त्याऐवजी उपसताना प्रत्येक क्रेटमध्ये रॅक-फळी लिहिलेली चिठ्ठी टाकायला अर्धं मिनिट लागतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई फुटते. टाचणी लावायची नाही, गंजते. रबरबँड नको, ओला कागद कापतो. चिठ्ठी नुसती पुस्तकांच्या मध्ये सरकवायची.

क्रेट म्हणजे भाजीचं जाळीचं. पुस्तकं एकाच थरात, पाठ खाली करून उभी, दहा-बारा. पुठ्ठ्याचं खोकं ओल्या पुस्तकांनी दहा मिनिटांत बसतं.

धुणं, भुसा, भट्टी

फ्लॉरेन्समध्ये चिखल धुवायला मोठ्या जागा लागल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाची पुस्तकं सान्ता मारिया नोव्हेला रेल्वे स्थानकाच्या बॉयलरघरातही धुतली गेली. आज धुण्याबद्दलचा सल्ला जास्त कंजूष आहे. पुस्तक मिटलेलं, दोन्ही हातांत दाबून धरायचं, संथ वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ओळीने मांडलेल्या टबांतून न्यायचं आणि स्पंजाने फक्त टिपायचं. घासलं की गाळ धाग्यांत जातो आणि तिथेच राहतो. उघडं पुस्तक धुवायचं नाही. हाताने लिहिलेली शाई, रंगीत नकाशे, चित्रं असलेलं काहीही टबात घालायचं नाही. माणसं कमी आणि पुस्तकं फार असली तर धुणं सोडूनच द्यावं. वाळलेला गाळ नंतर मऊ ब्रशने निघतो, आणि धुण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

वाळवण्यासाठी तेव्हा हाताशी जे होतं ते वापरलं. पानांमध्ये टीपकागद घातले. टीपकागद संपले तिथे लाकडाचा भुसा पसरला. बुरशीला थायमॉल. आणि शेकडो ट्रक भरून पुस्तकं शहराबाहेर गेली, उम्ब्रियातल्या तंबाखू वाळवायच्या कोठारांत आणि अशाच इतर भट्ट्यांत, कारण गरम हवा खेळवायची व्यवस्था फक्त तिथेच तयार होती.

या निर्णयाला आज नावं ठेवणं सोपं आहे. नोव्हेंबरची थंडी, वीज नाही, लाखो ओली पुस्तकं, आणि ४८ ते ७२ तासांत बुरशी धरणार हे निश्चित. भट्टी नसती तर लगदा झाला असता. पण भट्टीने केलेलं नुकसानही नीट नोंदवायला हवं. चामडं उष्णतेने आकसतं, काळं पडतं आणि लाकडासारखं कडक होतं. चर्मपत्र सुरकुततं आणि पुठ्ठ्याला ओढून वाकवतं. कागद वेगाने वाळला की लाटा पडतात आणि त्या लाटांत गाळ विटेसारखा बसतो. वाकडं वाळलेलं पुस्तक सरळ करायचं तर पुन्हा ओलं करावं लागतं. भुश्याचं आणखी वेगळं. तो पानाच्या मुडपीत शिरतो, ओल धरून ठेवतो, बुरशीला खाद्य होतो आणि नंतर चिमट्याने वेचावा लागतो. टीपकागद रंगीत असेल तर रंग पानावर उतरतो. पांढराच हवा.

टीपकागद घालण्यालाही प्रमाण आहे. दर २५ ते ५० पृष्ठांमागे एक, आणि एकूण जाडी पुस्तकाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. त्याहून जास्त कोंबलं की पाठ फाटते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदलायचे. पुस्तक बोटाला गार लागेनासं झालं की मिटून, फळीखाली हलक्या वजनाने दाबायचं. गार लागतंय तोवर आत ओल आहे.

आणि आर्ट पेपर. इटालियन संस्कृतीवरच्या कुठल्याही संग्रहात चित्रकलेची, शिल्पाची, वास्तूंची पुस्तकं भरपूर, आणि त्यांची चित्रं गुळगुळीत कागदावर. त्या गुळगुळीतपणात चिनी माती आणि चिकटवणारं द्रव्य असतं. ते भिजतं, आणि वाळताना शेजारच्या पानाला कायमचं धरतं. असं पुस्तक नंतर उघडत नाही, त्याची वीट होते. ते वाळू द्यायचं नसतं. काही तासांत प्रत्येक पानात कागद घालायचा किंवा ओलंच ठेवून गोठवायचं. १८२० चं चिंध्यांच्या कागदाचं पुस्तक गाळातून निघूनही बरं होतं आणि १९६० चं चकचकीत चित्रपुस्तक जातं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटं वाटतं.

ज्याने जगाला धडा दिला

राष्ट्रीय ग्रंथालयात ब्रिटिश बांधणीकारांचा गट आला. रॉजर पॉवेल, पीटर वॉटर्स, टोनी केन्स, ख्रिस्तोफर क्लार्कसन. त्यांनी कामाची साखळी बसवली आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर एक कार्ड फिरू लागलं. अवस्था काय, काय करायचं, काय झालं, हे खुणांनी नोंदवायचं, म्हणजे भाषा न कळणाऱ्या कामगारालाही वाचता यावं. फर्मे सोडवणं, धुणं, आम्ल काढणं, कागदाला पुन्हा खळ देणं, फाटलेल्या जागी जपानी कागद, पुन्हा शिवण, पुन्हा बांधणी. क्लार्कसनच्या लक्षात आलं की जाड पुठ्ठे आणि भरपूर सरस लावलेल्या पुस्तकांपेक्षा मऊ चर्मपत्राच्या साध्या, जवळजवळ बिनसरसाच्या बांधणीने पूर जास्त चांगला सोसला. आपल्याकडे वाचनालयाची पुस्तकं बाइंडरकडे पाठवताना ‘पक्की करा’ म्हणजे सरस वाढवा, असाच अर्थ घेतला जातो. भिजल्यावर हाच पक्केपणा आड येतो.

व्ह्यूसोने स्वतःची दुरुस्ती प्रयोगशाळा उभी केली, शहराबाहेर गालुत्सोच्या चेर्तोसा मठात, आणि ती वर्षानुवर्षं चालली. अडीच लाख पुस्तकांना वरची सात पायऱ्यांची प्रक्रिया देणं कुठल्याही संस्थेला शक्य नाही, आणि इथेच वर्गणीच्या वाचनालयाचा पेच राष्ट्रीय ग्रंथालयाहून वेगळा होतो. राष्ट्रीय ग्रंथालय मूल्याच्या क्रमाने जातं: दुर्मीळ आधी. देवघेवीच्या संग्रहात जवळजवळ काहीच एकटं दुर्मीळ नसतं. किंमत लावली तर बहुतेक पुस्तकं दुरुस्तीपेक्षा जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. मग रद्दीत घालायची?

माझ्या मते इथे तीन प्रश्न विचारावेत, याच क्रमाने. ही प्रत दुसरीकडे मिळते का? मिळत असली तरी या प्रतीवर काही आहे का, शिक्का, सही, समासातली टीप, कुणी किती वेळा नेलं त्याची खूण? आणि हे पुस्तक थांबू शकतं का? तिसऱ्या प्रश्नाला लोक कमी लेखतात. नीट वाळलेलं, वाकडं, घाण पुस्तक कोरड्या खोक्यात पन्नास वर्षं थांबू शकतं. वॉटर्सने पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हाच विचार ‘टप्प्याटप्प्याने संवर्धन’ म्हणून रुजवला: आज सगळ्यांना थोडं, म्हणजे मापाचं खोकं, आणि पूर्ण दुरुस्ती ज्याला लागेल त्यालाच, लागेल तेव्हा. नियतकालिकांच्या संचाला वेगळा नियम हवा. त्यातला एक खंड गेला तर संच गेला, म्हणून तो एकत्रच तपासायचा.

थंडीचा उपाय

१९६६ मध्ये जे हाताशी नव्हतं ते गोठवणं. १९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयाचं ग्रंथालय बुडालं तेव्हा पुस्तकं गोठवली, आणि १९७५ मध्ये वॉटर्सने ओल्या ग्रंथांसाठी लिहिलेल्या कार्यपद्धतीत गोठवणं मध्यभागी आलं. उणे २० अंशांच्या खाली बुरशी थांबते, शाई पसरत नाही, आर्ट पेपर चिकटत नाही. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, फक्त वेळ थांबतो. वाळवायला निर्वात कक्ष असला तर बर्फाची थेट वाफ होते आणि पाणी पुन्हा पानांतून वाहत नाही. तसा कक्ष नसला तरी हरकत नाही: एका वेळी वीस पुस्तकं बाहेर काढायची, हवेवर वाळवायची, मग पुढची वीस. लाखभर पुस्तकांशी एकदम लढायचं की वीस-वीसशी, एवढाच फरक, आणि तो सगळा फरक आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दुसऱ्यांदा बुडालं, आधी २००५ मध्ये बुडालं होतं. फ्लॉरेन्सचा नोव्हेंबर गार आणि त्या मानाने दयाळू. कोकणातला जुलै म्हणजे २७-२८ अंश आणि हवेत ८५-९० टक्के ओल. इथे बुरशीला दोन दिवसही लागत नाहीत आणि पंखे लावून काही वाळत नाही, कारण हवाच ओली. दारं-खिडक्या उघडणं इथे चूक आहे. खोली बंद करून वातानुकूलन किंवा ओल शोषणारं यंत्र लागतं. हिशेब करून बघा: १०० पुस्तकांत प्रत्येकी ३०० ग्रॅम पाणी म्हणजे ३० लिटर. दिवसाला २० लिटर ओढणारं यंत्र बंद खोलीत ते दोन दिवसांत काढेल असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात आठवडा धरा, कारण पुस्तकाच्या पोटातलं पाणी पृष्ठभागावर यायलाच वेळ लागतो.

गोठवण्याची सोय मात्र कोकणात फ्लॉरेन्सपेक्षा जवळ आहे. मासळी प्रक्रिया करणारे कारखाने उणे १८ च्या खाली चालतात, नाशिककडे द्राक्षांची शीतगृहं आहेत, पण ती शून्याच्या आसपासची, म्हणून पुस्तकांना अपुरी. मासळीवाला पुराच्या दिवशी विचारला तर नाही म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. सांडपाण्यात भिजलेला माल अन्नाशेजारी ठेवता येत नाही. आधी बोलून एक रिकामा कंटेनर, शीतसाखळीची गाडी किंवा वेगळा कक्ष ठरवून ठेवावा लागतो. आकाराचा अंदाज: ३०० लिटरच्या आडव्या डीप फ्रीझरमध्ये पिशवीत गुंडाळलेली साधारण दीडशे पुस्तकं मावतात. म्हणजे गावातल्या चार आइस्क्रीमवाल्यांचे फ्रीझर मिळून सहाशे. स्थानिक इतिहासाचा कोपरा आणि जुन्या मासिकांचे संच वाचवायला तेवढे पुरतात.

कोणती सहाशे, हे पाणी यायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. त्या फळ्यांच्या पट्टीवर लाल रंगाचा ठिपका मारला की अंधारात, विजेरीच्या उजेडात, नवख्या पोरालाही कळतं काय आधी उचलायचं. दाखलनोंदीच्या रजिस्टरची छायाप्रत, फ्रीझरवाल्यांचे फोन आणि किल्ल्यांचा दुसरा जुडगा ग्रंथपालाच्या घरी, वरच्या मजल्यावर.